पुढाऱ्याचं कूळ, विहिरीचं मूळ

२० जानेवारी १९५७, रविवार

टाचण्या संपल्या. ह्यांनी हापिसातून आणलेली डबी सातवीच्या मुलींनी दोन दिवसांत फस्त केली. उद्योग माझाच. दिल्लीतले आणि इथले पुढारी मूळचे कुठले, पूर्वज कुठून कुठे आले, ते शोधायचं आणि भिंतीवरच्या नकाशात टाचणी लावायची. इतिहास-भूगोल एका तासात उरकतो. एकाचे पूर्वज बर्फाच्या मुलखातून खाली उतरलेले, एकाचे जहाजातून आलेले, एकाचे दुष्काळात गाव सोडून निघालेले. आज ज्या गावाचे म्हणवतात तिथलेच मूळचे, असा एकही सापडेना. मला भारी गंमत वाटते आहे.

सासूबाईंना नाही वाटत. "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, कुमुद." मी म्हटलं, हे कुठे ऋषी आहेत, मंत्री आहेत. त्या भाजी निवडत राहिल्या.

२३ जाने., बुध.

वर्गातल्या शकूने विचारलं, "बाई, आपल्या दत्ताभाऊंची टाचणी कुठे लावायची?"

दत्ताभाऊ राऊत. भाताच्या गिरणीवाले. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले, यंदा विधानसभेला उभे. अख्खी बोरिवली त्यांना ओळखते. मी टाचणी हातात घेऊन नकाशासमोर उभी राहिले आणि काही सुचेना. रोज ज्यांच्या गिरणीत भात कांडून आणतो त्यांचं मूळ गाव मला ठाऊक नाही. मी, जी ट्रामच्या कंडक्टरलासुद्धा "मूळचे कुठले हो तुम्ही?" विचारते.

मुलींना सांगितलं, घरी विचारून या.

२४ जाने.

उत्तरं आली. रत्नागिरी. वसई. सुरतेकडचे. "शिवकाळापासून इथलेच." एकीने उभी राहून सांगितलं, "आई म्हणाली, तसलं विचारू नये."

या शेवटच्या उत्तराने माझे कान टवकारले. बाकीच्यांना माहीत नाही. हिच्या आईला काहीतरी माहीत आहे.

२७ जाने., रवि.

दुपारी नाना आले. दत्ताभाऊंचे मेहुणे, निवडणुकीचं सगळं तेच बघतात. घाम पुसत खुर्चीत बसले आणि एकदम मुद्द्यावर. "बाई, भाऊंचं परिचयाचं पत्रक तुम्हीच लिहायचं. तुमचा इतिहास आहे. नाव नाय घालणार, शाळेला कळायचं नाय."

मी हो म्हटलं. शाळेची भीती वाटली, पण हो म्हटलं. सुरुवात काय करू विचारलं तर म्हणाले, "लिहा की, शिवकालीन किल्लेदाराचे वंशज."

"कुठला किल्ला?"

"बघा ना तुम्हीच एखादा. जवळचा बघा."

सरबत पिऊन गेले. हे आतून ऐकत होते. नाना गेल्यावर म्हणाले, "किल्ला निवडायचाय, साडी निवडतात तसा." आणि मग जरा गंभीर होऊन, "तू यात फार खोल जाऊ नकोस."

खोल जाऊ नको म्हटलं की मला पाय टाकावासाच वाटतो. हे लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तरी यांना कळायला हवं.

१ फेब्रु., शुक्र.

आजपासून बोरिवली मुंबईत. काल गावात झोपलो, आज शहरात उठलो. नळाला पाणी तेवढंच. सासूबाई म्हणाल्या, "आता कुणी मूळ विचारलं तर मुंबई सांगायचं का?" मी हसले, पण त्या थट्टा करत नव्हत्या.

संध्याकाळी राऊतांकडे गेले. दत्ताभाऊ सभेला. त्यांच्या आई, मनुबाई, पडवीत सुकट निवडत बसलेल्या. सत्तरीच्या पुढच्या. कानांनी चांगल्या, गुडघ्यांनी गेलेल्या. मी पत्रकाचं सांगितलं, मूळ गाव विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"नातवाचं लगीन हाय शिमग्याच्या आधी," म्हणाल्या. "सुरेशचं. हळदीला उंबराचं पानी लागतं. ते आनायला कोन जातंय ते आधी बघ, मग मूळ विचार."

उंबराचं पाणी म्हणजे? सांगितलं. हळदीच्या आधी घरच्या बायकांनी वाजतगाजत आपल्या मूळच्या विहिरीवर जायचं, तिची पूजा करायची, घागर भरून आणायची. त्याच पाण्याने नवऱ्यामुलाची आंघोळ. विहीर उंबराखालची असावी लागते.

"मग तुमची विहीर कुठली?"

"गोराईला. खाडीपल्याड. दत्ताच्या लग्नाला होडीतून वाजंत्री नेली होती. आता म्हनतात नको."

"कोण म्हणतं?"

"नाना म्हनतो. इलेक्शान हाय म्हनतो. म्युन्शिपाल्टीचं पानी घे म्हनतो." मग त्यांनी सुपातला एक मासा उचलून बाजूला टाकला. "मी हळद लावनार नाय. सुरेश तसाच बसंल मांडवात."

मी चहा न घेताच निघाले. डोक्यात एकच. गोराई. गोराईला जायला कुणाला कसली भीती?

३ फेब्रु., रवि.

उत्तर बाजारात मिळालं, मागायला न जाता. कोथिंबीरवाली दुसरीला सांगत होती, "राऊत किरिस्तावाचा नातू हाय म्हनं. गोराईचा." दुसरी म्हणाली, "म्हनून तर किल्लेदार सांगतात."

म्हणजे किल्ल्याची गोष्ट आपल्या आधीच बाजारात पोचली आहे. नानांनी माझ्यासाठी थांबलंसुद्धा नाही.

घरी येऊन सगळं जुळवलं. गोराई किरिस्तावांचं गाव. उंबराचं पाणी, किरिस्ताव लग्नात तर हे असतंच, नाव ठाऊक नव्हतं, पण माझी जुनी मैत्रीण ग्रेस लग्नाला बोलवायची तेव्हा पाहिलं होतं मी, बँड आणि घागरी आणि विहिरीत टाकलेली सुपारी. सापडलं! दत्ताभाऊंचे पूर्वज किरिस्ताव होते, मधलं कुणीतरी परत हिंदू झालं. सरळ हिशेब. इतका आनंद झाला की पोळी करपली.

आनंद झाला हे लिहायलाच हवं. मग लक्षात आलं की हे मी कुणाला सांगू शकत नाही. ह्यांनाही नाही.

१० फेब्रु., रवि.

ह्यांना सांगितलं. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, "मग? एक मत कमी करणार का त्यांचं?" मी म्हटलं, माझं नाही. "मग गप्प बस."

पण मनुबाईंचं पाणी राहिलंय ना. ते डोक्यातून जात नाही. सुरेशचं लग्न ५ मार्चला. राऊतांच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडलेत आणि म्हातारी तोंड फिरवून बसली आहे. दत्ताभाऊ सकाळी येतात, आईच्या पाया पडतात, प्रचाराला जातात. मायलेकरांत बोलणं नाही, असं सुरेशची आई सांगत होती. सांगताना रडली. घरात लग्न असं असतं का.

मला एक युक्ती सुचली आहे. मी जाईन. एकटी, तांब्या घेऊन. कुणाला कळायची गरज नाही.

१७ फेब्रु., रवि.

जाऊन आले. हात दुखताहेत, पण आज सगळं लिहिते.

टांग्याने धक्क्यापर्यंत, पुढे होडी. होडीवाल्याने विचारलं, "कुनाकडं?" मी म्हटलं, फिरायला. त्याने माझ्या पिशवीकडे पाहिलं. झाकणाचा तांब्या बाहेर दिसत होता. फिरायला कोण तांब्या घेऊन जातं.

विहीर सापडायला वेळ लागला नाही. गावाच्या टोकाला, जुनं उंबराचं झाड, बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड, आणि हाताच्या अंतरावर चुन्याने रंगवलेला क्रूस. दोघांच्या पुढे कालचीच झेंडूची फुलं. मी दोन्हीकडे पाहत उभी.

एक म्हातारी धुणं घेऊन आली. लुगडं गुडघ्यापर्यंत, गळ्यात क्रूसाची माळ. "कुनाची गो तू बाय?"

मनुबाईंचं नाव घेतलं मात्र, तिने धुणं खाली ठेवलं. "मनु कशी हाय? गुडघं?" नाव मार्था. दत्ताभाऊंच्या लग्नात विहिरीच्या दोराला पहिला हात हिने घातला होता. घरच्या लेकीचा मान असतो तो.

मी म्हटलं, "मग तुम्ही राऊतांच्या घरच्या?"

"म्हनतात." ती हसली. "आमी पन राऊत होतो म्हनतात. फिरंगी आले तवा निम्मे हिकडं गेले, निम्मे तिकडं. कोनी परत आलं, कोनी नाय. कोन पयला ते कोन सांगनार? तवा मी नव्हते."

मी माझा हिशेब मांडला. हे पाणी आणायची रीत तुमच्या लोकांची, म्हणजे राऊत आधी तुमचेच असणार, नाही का? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं सातवीतली मुलगी चुकीचा डोंगर दाखवते तेव्हा मी पाहते. समोरच्या घरांकडे हात केला. दारावर तोरणं, तुळस, म्हणजे हिंदूंची. "तेपन हितनंच नेतात. वाजवत. आमचं बघून ते करतात का त्यांचं बघून आमी, ते त्या झाडाला विचार."

माझा सिद्धांत तिथेच बुडाला. गंमतही वाटली आणि चुकले म्हणून लाजही वाटली. दोन आठवडे मी मनातल्या मनात एका माणसाला किरिस्ताव करून टाकलं होतं आणि ते खरं की खोटं हे त्या उंबरालाच ठाऊक.

मार्थाने माझा तांब्या स्वतः भरून दिला. होडीत सगळा वेळ मांडीवर धरून बसले.

१८ फेब्रु., सोम.

शाळा सुटल्यावर तांब्या घेऊन मनुबाईंकडे. केवढ्या हौसेने गेले होते. झाकण काढून दाखवलं. त्यांनी वास घेतला, बोट बुडवून चाखलं. डोळे भरून आले त्यांचे. मला वाटलं, झालं.

"गोराईचंच हाय. मार्थाने काढलं?"

"हो."

"वाजवत आनलंस?"

"नाही. म्हणजे, कुणाला कळू नये म्हणून..."

त्यांनी झाकण लावलं. "मग हे प्यायचं पानी, पोरी. उंबराचं नाय."

गुपचूप आणलेलं ते पाणीच, रीत नव्हे. लोकांनी बघितलं पाहिजे, कुठून आणलं, कुणी काढलं. नाहीतर आणायचंच कशाला, असं त्यांचं म्हणणं. आणि तेच तर नानांना नको आहे.

त्या ते पाणी माझ्यासमोरच प्याल्या. सगळं. "तहान लागली होती," म्हणाल्या.

२१ फेब्रु.

पत्रकाचं पहिलं वाक्य अजून लिहिलेलं नाही. 'श्री. दत्तात्रय राऊत हे', आणि पुढे कोरं. बाकीचं सगळं झालंय. तुरुंगवास, दवाखाना काढला, मुंबईसह महाराष्ट्र हवा म्हणून लाठी खाल्ली. ते सगळं खरं आहे आणि डोळ्यांदेखतचं आहे. अडकलंय ते फक्त जन्माआधीचं.

नाना रोज निरोप पाठवतात. आज स्वतः आले. त्यांना गोराईचं सांगितलं, मार्थाचं, दगडाचं, क्रूसाचं. ते लालबुंद. "बाई, तुम्ही कुणाच्या बाजूच्या?" मग आवाज उतरवून, "तुम्हाला वाटतं मला म्हातारीचं वाईट नाय वाटत? तिच्या हातचं खाऊन मोठा झालो मी. पन तिकडं बँड वाजला की इकडं पडलो आम्ही. लोकांना काय कळतं? त्यांना एक नाव पाह्यजे, हिंदू का किरिस्ताव. मधलं काय चालत नाय."

हे त्यांचं बरोबर आहे. मला राग आला होता, पण ते खोटं बोलत नव्हते.

२६ फेब्रु., मंगळ.

दत्ताभाऊ पहिल्यांदा आमच्या घरी आले. सासूबाईंनी पदर घेतला, पाट मांडला. ते पाटावर न बसता दारातच उंबऱ्याशी बसले, जुन्या सवयीने असेल. पत्रक मागितलं. वाचून कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथे काय?"

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"आमचे आजोबा गोराईहून आले. त्यांच्या बापाचं नाव मला माहीत आहे. त्याच्या मागचं नाही." पत्रकाची घडी घातली. "मार्थाआत्या लहानपणी आंबील द्यायची मला. आई सांगायची, आत्या म्हण. म्हणून आत्या. का ते कधी विचारलं नाही."

मी म्हटलं, कुतूहल नाही वाटलं कधी? त्यांना हसू आलं. "तुमच्याइतकं कुणाला असणार, बाई."

नाना दारात उभे होते. भाऊंनी त्यांना सांगितलं, "रविवारी होड्या सांगा. बँड गोराईचा. पुढच्या बुधवारपासून त्यांचे उपासाचे चाळीस दिवस, मग तो वाजवणार नाही."

"भाऊ, अकरा तारखेला मतदान आहे."

"आईचं वय बघा, नाना. पुढच्या निवडणुकीला मी असेन."

नाना चप्पल घालून निघून गेले. सासूबाई आत गेल्या. भाऊ म्हणाले, "तुम्ही पण चला. पहिला तांब्या तुमचा होता."

गेल्यावर सासूबाई एवढंच बोलल्या. "तू जाणार?" मी हो म्हटलं. त्यांनी पाट उचलला, भिंतीला लावला. ज्या दारात भाऊ बसले होते तिथे सोवळ्यासाठी पाणी मारलं नाही, हे मी पाहिलं. आधी मारलं असतं कदाचित. कोण जाणे.

३ मार्च, रवि.

गोराईचं पाणी वाजतगाजत आलं.

दोन होड्या. मनुबाईंना खुर्चीसकट होडीत बसवलं. नवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात रिकामी घागर, कुणाला धरू देईनात. नाना आले नाहीत असं वाटलं, मग पाहिलं तर मागच्या होडीत बसलेले, तोंड दुसरीकडे करून. आमच्या होडीत निवडणुकीतल्या विरुद्ध बाजूची दोन माणसंही होती. भाडं आम्ही आमचं देऊ म्हणाली.

धक्क्यावर बँड उभा. कोट घातलेली सहा माणसं, तुतारीवाला चक्क अनवाणी. गावातल्या बायका दोन्ही बाजूंना. मनुबाईंना उचलून विहिरीशी नेलं. त्यांनी दगडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग मार्थाने क्रूसापुढे मेणबत्ती लावली. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, रोजचंच असल्यासारखं. विहिरीत विडा सोडला.

मार्थाने दोराला पहिला हात घातला. घागर वर आली तसे दत्ताभाऊ पुढे झाले. पांढरी टोपी, पांढरा सदरा. वाकून तिच्या पाया पडले. "आत्या," म्हणाले, "सुरेशच्या लग्नाला यायचं."

बँड तेव्हाच थांबला होता. सगळ्यांनी ऐकलं. त्या दोन माणसांनीही.

मार्थाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग त्याच ओल्या हाताने मनुबाईंचा गाल पुसला. "किती म्हातारी झालीस गो," म्हणाली. मनुबाई म्हणाल्या, "तू काय तरनी हायस?" दोघींची बोली एकच. डोळे मिटले असते तर कोण कुठली मला ओळखता आलं नसतं.

परतताना मनुबाई घागर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला इतका आनंद कधी झाला होता आठवत नाही. आणि भीतीही. दोन्ही एकदम.

५ मार्च, मंगळ.

लग्न पार पडलं. पानं उठता उठता मार्था आणि तिच्या दोन सुना आल्या. मुहूर्ताची होडी चुकली म्हणाल्या. मांडवात कुजबुज. मुंबईकडचे काही पाहुणे न जेवता उठले. मनुबाईंनी मार्थाला आपल्या शेजारी बसवलं आणि स्वतः वाढलं.

बाहेर भिंतीवर कोळशाने लिहिलेलं, 'पाद्रीचा उमेदवार'. नानांनी स्वतः चुन्याचं डबडं आणून पुसलं. पुसताना दिसलेली मी त्यांना. "बघा," म्हणाले, "किल्ला लिहिला असता तर चुना वाचला असता." पण हसत होते.

७ मार्च, गुरु.

स्टेशनाजवळच्या मैदानात शेवटची सभा. मी आणि हे मागे उभे. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, तुम्ही आधी कोण ते सांगा."

भाऊंनी ऐकलं नसावं असं करता आलं असतं. ते थांबले. "गोराईचा," म्हणाले. "त्याच्या मागचं मला माहीत नाही. तुम्हाला तुमचं माहीत असेल तर सांगा, मी खाली बसतो."

लोक हसले. बरेच हसले. काही उठून गेले, मी पाहिलं. किती गेले ते मोजलं नाही.

घरी येताना हे म्हणाले, "तुझी टाचणी झाली." मी म्हटलं, कुठे झाली? हिंदुस्थानच्या नकाशात गोराई टाचणीच्या डोक्याखाली झाकून जाते. वर्गात लावून पाहिली, निम्मी समुद्रात. शकू म्हणाली, "असू दे बाई, तसंच असेल."

पत्रक छापून आलं. पहिलं वाक्य भाऊंनी स्वतः लिहिलं. 'श्री. दत्तात्रय राऊत हे आपल्या बोरिवलीचे.' पुढे तुरुंगवास सुरू. किल्ला नाही, विहीर नाही. मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. मग वाटलं, बरंय.

११ मार्च, सोम.

मतदान. आम्ही तिघं गेलो. रांगेत पुढची बाई म्हणाली, "आमच्यांनी सांगितलंय, पाद्रीला नको." सासूबाई माझ्यापुढे होत्या, त्यांनी ऐकलं. आत गेल्या, आल्या. मी वाटेत विचारलं, कुणाला दिलंत? "मत विचारू नये." मी म्हटलं, तेही विचारू नये, मूळही विचारू नये, मग विचारावं काय माणसाने? त्यांना हसू आलं, पण सांगितलं नाही.

संध्याकाळी राऊतांकडचा सुरेश नव्या बायकोला घेऊन आला. सत्यनारायण झाला. उंबराचं उरलेलं पाणी ते आणायला बरोबर गेलेल्यांच्या घरी द्यायचं असतं, घरच्या पाण्यात मिसळायला. तशी त्यांच्या घरची रीत. छोटा पितळी तांब्या, वर आंब्याचं पान.

मी घेतला खरा. आणि हातात घेऊन उभी राहिले. स्वयंपाकघर सासूबाईंचं. माठ त्यांचा. त्यांच्या सोवळ्यात माझा हातसुद्धा चालत नाही सकाळी. मार्थाच्या हातचं पाणी. त्यांना बरोबर माहीत होतं कुणी काढलंय ते, मीच सगळं रंगवून सांगितलेलं. माझी जीभ.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या. म्हणजे दाराशी. आत नाही, बाहेर नाही. मी ठेवला. नव्या जोडप्यासमोर काही बोलायचं नव्हतं. नवरी त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिला विचारलं, "तू मूळची कुठली गं?" मला हसू दाबावं लागलं.

१३ मार्च, बुध.

मोजणी चालू आहे. निकाल आज रात्री किंवा उद्या. कुणी म्हणतं भाऊ आले, कुणी म्हणतं पडले. नाना सकाळपासून गिरणीच्या ओट्यावर बसलेत, जात नाहीत, येत नाहीत. मनुबाईंना मी विचारलं, काळजी वाटते का? त्या म्हणाल्या, "सुरेशची हळद झाली माझी." एवढंच. सुपात काहीतरी निवडत होत्या.

कालची गोष्ट लिहायची राहिली.

काल सकाळी उठून पाहिलं तर दाराशी तांब्या नव्हता. स्वयंपाकघरात घासून पालथा घातलेला. चिंचेने लख्ख घासलेला. पाणी नव्हतं त्यात. मोरीपाशी जाऊन पाहिलं, फरशी ओली होती, पण ती रोजच ओली असते. तुळशीची माती ओली होती, तीही रोजच असते. माठ भरलेला, झाकलेला.

सासूबाई देवपूजेला बसल्या होत्या. मी दारात उभी. त्यांनी घंटा वाजवली, माझ्याकडे पाहिलं नाही.

"आई, तांब्यातलं पाणी?"

"तांब्या नेऊन दे राऊतांकडे," त्या म्हणाल्या. "रिकामा नको. साखर घाल."

आणखी काही विचारायचं होतं. जिभेवर आलं होतं. नाही विचारलं. मी साखर घातली, तांब्या पदराखाली धरला, मग बाहेर काढून नुसताच हातात घेतला.

निघण्याआधी माठातलं पाणी प्याले. रोजच्यासारखंच लागलं.